जामीनदाराची सही

माणूस माणसाला ओळखतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न तत्त्वज्ञांना सुटला असेल नसेल, बँकेने तो एका रकान्यात बसवला होता. 'मी अर्जदारास ..... वर्षांपासून ओळखतो.' मी काउंटरवर बसू लागलो तेव्हा खाते उघडायला असा ओळख देणारा लागे. लोक रांगेतल्याच कुणाला तरी धरून आणीत आणि वीस मिनिटांची ओळख असलेला गृहस्थ बेधडक 'पाच वर्षे' लिही. पुढे आधार कार्ड आले आणि तो सुटला. जामीनदार मात्र अजून सुटलेला नाही.

आमचे गाव डिंगोरे. ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालात की वाटेत लागते. धबधबे बघायला निघालेली मंडळी त्याच्याकडे मानसुद्धा वळवत नाहीत. इथे तो रकाना भरायचा म्हणजे जागा पुरायची नाही. कुणाच्या आज्याने कुणाचा बांध कोरला इथपासून ओळख!

या ओळखीवरच तर सहकार उभा राहिला. 1904 च्या कायद्याने खेड्यातल्या पतपेढीच्या सभासदांची जबाबदारी अमर्याद ठेवली. मूळ कल्पना रायफायझेन नावाच्या जर्मन गृहस्थाची. खेड्यांचा कारभार पाहता पाहता त्याच्या लक्षात आले, की गरिबापाशी तारण नसले तरी शेजारी असतात, आणि कोण फेडील, कोण बुडवील हे शेजाऱ्याला ठाऊक असते. हिशेब बिनचूक आहे. फक्त शेजाऱ्याला 'नाही' म्हणता आले पाहिजे. रायफायझेनसाहेब डिंगोऱ्याला कधी आले नव्हते.

एका रात्री शेजारचे आबा कागद घेऊन आले. "भाऊ, एवढी एक सही." अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मासुद्धा लावला नाही. त्या साली टोमॅटो इतका पडला की तोडणीची मजुरी सुटेना. माल बांधावर ओतला. आबांचे हप्ते थकले आणि अण्णांना नोटीस आली. तीन वर्षे ते दुसऱ्याचे कर्ज फेडत होते. मी तेव्हा कॉमर्सला. करार कायद्याचे कलम 128 ताजे पाठ केलेले : जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच. रविवारी घरी येऊन मी ते अण्णांना समजावून सांगितले.

"कायदा कशाला सांगतो? भरतोय ना मी?"

"मग त्यांच्याशी बोलता कसे तुम्ही? रोज चहाला बोलावता!"

"बोलायचंच नाही तर पैसे कशापायी भरले?"

याला बी.कॉम.च्या कुठल्याच पेपरात उत्तर नव्हते.

गेल्या दिवाळीत आबांचा मुलगा माझ्याकडे आला. पिकअप घ्यायची म्हणतो. "दादा, तुम्ही तर बँकेतलेच. जामीन राहा." मी उत्पन्न विचारले, हप्ता काढला, डिझेल धरले, टायर धरले. आकडा जमत नव्हता. पाहुण्याला चहा दिला आणि फॉर्म ठेवून घेतला.

आता खरी अडचण अशी. हा माणूस फेडील अशी माझी खात्री आहे, असा सहीचा अर्थ असेल तर ती करणे म्हणजे खोटे बोलणे. निदान बँक तो तसाच वाचते आणि मीही काउंटरच्या अलीकडे बसून वीस वर्षे तसाच वाचला. पण अण्णांच्या सहीचा अर्थ वेगळा होता. हा फेडील की नाही मला माहीत नाही, नाही फेडले तर मी आहे. ती सही खोटी कशी म्हणू? आणि मी नाही म्हटले तर तो माझा प्रामाणिकपणा की फ्लॅटच्या हप्त्याची भीती? बायको म्हणते, दोन्ही. तिला हिशेब चटकन येतो.

परवा अण्णांनी विचारले, "केली का सही?"

"वाचतोय."

"किती दिवस वाचतो? चष्मा काढ की."

फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे. मुदत सोमवारपर्यंत. पोरगा रोज फोन करतो, पण सहीचे नाव काढत नाही. पिकअप पांढरी घ्यावी की निळी, एवढेच विचारतो.