यंत्राचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा चिरे बदलतात, कळस नवा येतो. तरी देवस्थान तेच, याविषयी भाविकाच्या मनात शंका नसते. यंत्राविषयी अशी निःशंकता शक्य आहे काय? जुन्या संगणकांवर जीव जडलेल्या मूठभर माणसांनी हा प्रश्न गंभीर करून सोडला आहे.

१९८२ साली ब्रिटनमध्ये अवतरलेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक पुढे परवान्याने भारतातही तयार होई. त्याचे उत्पादन थांबल्यालाही दशके लोटली. २०१७ मध्ये चाहत्यांनी आगाऊ पैसे भरून ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ हे नवे यंत्र घडवून घेतले. पेटीबंद यंत्र हाती पडायला २०२० उजाडले. मूळ यंत्राला रूप देणारे रिक डिकिन्सन यांनीच या नव्या रूपाचीही आखणी केली, परंतु २०१८ मध्येच ते निवर्तले. या यंत्रात जुना झेड-८० प्रक्रियक नाही; अंतर्गत जुळणी हवी तशी बदलता येणारी एक चिप त्याचे काम करते. पुढे २०२४ मध्ये तर झायलॉग कंपनीने १९७६ पासूनच्या त्या सुट्या प्रक्रियकाच्या मागण्या घेणेच बंद केले. तरीही चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञावली इथे चालते. म्हणजे देह गेला, वागणूक उरली. आणि यंत्राची ओळख वागणुकीतच असते, असे म्हणणे भाग पडते.

पण ओळखीचा प्रश्न सुटला तरी ऋणाचा उरतोच. जुने यंत्र बाळगणाऱ्याने त्याचे मरण गृहीत धरलेले असते. नवे यंत्र विकणारा मात्र आशा विकतो. ग्राहक थोडे, कर्ता बहुधा एकटादुकटा. त्याचा उत्साह ओसरला की सारेच अनाथ. म्हणून आराखडा खुला ठेवणे हे अशा कर्त्याचे किमान कर्तव्य मानले जाते.

ते किमानच आहे, हे बंगळुरूने पाहिले. तेथे १९९९ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअरमधील तंत्रज्ञ यांनी सिम्प्युटर न्यास स्थापन केला. सामान्यांसाठी स्वस्त, हातात मावणारा, भारतीय भाषांत बोलणारा संगणक हा त्यांचा संकल्प. आराखडा त्यांनी लपवला नाही. उत्पादकाने ठरावीक शुल्क भरावे, एवढीच अट. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा’ हे त्याचे रूप बाजारात आले. विक्री अपेक्षेच्या मानाने फारच थोडी झाली आणि काही वर्षांत यंत्र विस्मृतीत गेले. मोबाइलने त्याला मागे टाकले हे कारण खरे, पण अपुरे. स्पेक्ट्रमला तर केव्हाच मागे टाकले गेले होते. स्पेक्ट्रमपाशी बालपण त्या कळफलकावर घालवलेली, हाती डाखणी धरू शकणारी माणसे होती. सिम्प्युटर ज्यांच्यासाठी घडला, त्यांच्या हाती तो पुरता पोचलाच नाही. एकच यंत्र साऱ्या गावाने वापरावे, प्रत्येकाने आपले स्मार्ट कार्ड त्यात सरकवून आपली माहिती काढावी, अशी त्याची योजना होती.