मुखवटा कोणाचा?

(मननासाठी: मत्तय २२:१५–२२, उत्पत्ति १:२७)



परूशी लोक प्रभूस बोलण्यात गुंतवावयास आले, तेव्हा त्याने त्यांजकडूनच कराचे नाणे मागून घेतले व त्यावर कोणाचा मुखवटा आहे हे त्यांच्याच मुखाने वदविले. ते नाणे रुप्याचा दीनार होते. परंतु रोमी राज्यात सोन्याचेही नाणे चाले, त्यास ऑरियस म्हणत. एका ऑरियसाचे २५ दीनार होत. आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी आहे. शेतात राबणाऱ्या बंधूंनी त्या लहानशा चकतीचे मोल आपणच ताडावे.

तिबिर्य कैसराच्या ऑरियसावर एका बाजूस त्याचे मस्तक असून, तो दैवी ऑगस्टसाचा पुत्र आहे असा लेख आहे. दुसऱ्या बाजूस हाती राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री आहे आणि कैसर हा मुख्य याजक आहे असे लिहिले आहे. त्याच्या दीनारावरही हीच चित्रे असत. मर्त्य मनुष्याने धातूवर ठसा मारून केवढी पदवी घेतली! आणि खरा देवपुत्र, खरा याजक, त्या लोकांपुढे दीन वेषाने उभा होता. ज्याचा ठसा त्यास नाणे द्यावे, असे त्याने सांगितले. परंतु तेथेच न थांबता देवाचा हक्क देवास देण्याचीही आज्ञा केली.

मग देवाचा ठसा कशावर आहे? मनुष्यावर.

ही सुवर्णनाणी व्यापाराच्या योगाने आमच्या देशातही आली. १८९८ साली दक्षिणेतील पुदुकोट्टै संस्थानात अशी ५०१ नाणी सापडली. त्यांपैकी बहुतेकांवर कैसराच्या मुखावर आडवा घाव घातलेला आहे. मुखवटा विद्रूप झाला. तथापि सोने सोनेच राहिले.

बंधूंनो, आम्हांपैकी कित्येकांच्या वाडवडिलांस गावाने पिढ्यानुपिढ्या नीच म्हटले. तोही छिन्नीचा घावच होता. पण त्याने देवाचे सोने पितळ झाले नाही. याहून खोल घाव आम्ही आपल्याच हातांनी घालतो: दारूने, लबाडीने, वैराने. आणि मंडळीत येऊनही जो भावाची जात विचारतो, प्रभुभोजनास त्याच्या शेजारी बसण्यास कचरतो, त्याने ती छिन्नी अद्याप खाली ठेवलेली नाही. उपदेशक बंधूंनो, हे प्रथम आपण आपल्या ठायी तपासावे.

घाव पडलेले नाणे स्वतःस नीट करू शकत नाही. ते मुशीत गेले पाहिजे व त्यावर नवा ठसा उमटला पाहिजे. हेच कार्य ख्रिस्त आपल्या आत्म्याच्या द्वारे करतो. सरकारचा कर सरकारास प्रामाणिकपणे द्यावा. परंतु आपले देह, आपली लेकरे, आपले दिवस हे ज्याचे आहेत, त्याच्या हाती ते या प्रभुवारीच सोपवावे. तो आपले नाणे ओळखतो, आणि घाव पाहून ते टाकून देत नाही. आमेन.