नोंदलेल्या वेदनेचे ऋण

बुलढाणा जिल्ह्याच्या मराठवाड्याला लागून असलेल्या कडेवर धाड हे गाव वसले आहे. अशा वऱ्हाडी गावात पूर्वी कोणाच्या घरी मृत्यू घडला, म्हणजे त्याची वर्दी कोतवालाकडे जाई, आणि मयताचे नाव, बापाचे नाव, जात, तारीख व मरणाचे कारण म्हणून ‘ताप’, ‘पटकी’ किंवा ‘देवी’ एवढा एखादा शब्द सरकारी दप्तरात दाखल होई. आज त्याच कोतवाल बुकाची नक्कल मिळावी म्हणून त्या मयताचे पणतू जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत अर्ज करतात. नोंद करणाऱ्याच्या कल्पनेतही नसलेल्या कामी ती नोंद अशी पडते, आणि ज्या घराण्यातून ती आली त्याचा तिच्यावरील हक्क कचेरीलाही मान्य करावा लागतो.

आता हीच वेदना निराळ्या वाटेने प्रवास करते. आशा कार्यकर्तीच्या वहीतून ती आरोग्य केंद्रात आणि तेथून संगणकाच्या द्वारे राज्याच्या व देशाच्या पोर्टलवर जाते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 1992-93 पासून चालविलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे प्रगणक दारी आले, तर घरातील स्त्रीने सांगितलेली गर्भपाताची, अर्भकमृत्यूची वा मारहाणीची हकीकत अंकरूप होऊन जगभरच्या संशोधकांपुढे उघडी होते. येथे जो प्रश्न उभा राहतो तो तंत्रज्ञानाचा वाटला तरी मुळात धर्माचा आहे: मनुष्याची वेदना एकदा अंक झाली, म्हणजे ती कोणाची?

शतपथ ब्राह्मणात मनुष्य जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि मनुष्ये यांचा ऋणी असतो असे म्हटले आहे. पहिल्या तीन ऋणांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. चौथ्याचा विचार मात्र अतिथिसत्कारापलीकडे क्वचितच गेला. रोगाविषयीचे सारे ज्ञान हे कोणीतरी आपली लाज, आपले दुःख आणि आपला वेळ परक्याच्या स्वाधीन केल्यामुळे जन्मास येते, हे ध्यानी घेतले तर आरोग्यसंशोधक हा या चौथ्या ऋणाचा सर्वांत मोठा ऋणको ठरतो. त्या बाईने आपली हकीकत विकलेली नसते. तिने ती विश्वासाने ठेवावयास दिलेली असते. इस्लामी नीतिशास्त्रात अमानतीला जे गांभीर्य आहे आणि गांधीजींनी संपत्तीच्या संदर्भात जी विश्वस्तवृत्ती सांगितली, ती दोन्ही येथे यथार्थपणे लागू पडतात. विश्वस्ताची कर्तव्ये दोन: ठेव जपणे आणि तिचा हिशेब देणे.

पहिल्या कर्तव्याकडे या क्षेत्रातील विद्वानांनी मनःपूर्वक लक्ष दिले आहे. अशा सर्वेक्षणांत नाव तर गाळतातच. शिवाय नकाशावरील ग्रामीण ठिकाण मुद्दाम पाच किलोमीटरपर्यंत, आणि शेकडा एक ठिकाण दहा किलोमीटरपर्यंत, सरकवून दाखवितात, जेणेकरून गाव ओळखू येऊ नये. गावाच्या नावाला रोगाचा डाग लागला की सोयरिकी अडतात, हे जाणणाऱ्या कोणालाही ही काळजी अनाठायी वाटणार नाही. तो सत्याचा अपलापही नव्हे. कारण किती व का सरकविले, हा नियम उघडपणे लिहून ठेवलेला असतो, आणि जेथे नियम उघड आहे तेथे फसवणूक नाही.

उणीव आहे ती दुसऱ्या कर्तव्यात. 2015-16 च्या सर्वेक्षणापासून जिल्हावार आकडे प्रथमच उपलब्ध झाले, ही मोठीच गोष्ट. परंतु त्यामागील मूळ माहिती मिळविण्यासाठी इंग्रजीत नोंदणी करून प्रयोजन लिहून द्यावे लागते, आणि ती हाती आली तरी संख्याशास्त्राच्या साधनांवाचून वाचता येत नाही. परिणामी परदेशातील विद्यार्थ्याला बुलढाण्याची रक्तक्षयाची स्थिती जितकी सुगम, तितकी ती धाडच्या आशा कार्यकर्तीला नसते. म्हणून पोर्टलची सुलभता हा रंगसफेदीचा विषय आहे असे मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. माझ्या मते तो हिशेब देण्याचा, अर्थात ऋणमोचनाचा विषय आहे.

हा हिशेब कसा द्यावा, याचे धडे आपल्याच भूमीत आहेत. वऱ्हाडातील ऋद्धिपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून मिळवून लोकांच्या मराठीत लिहिल्या, आणि लीळाचरित्राच्या परंपरेने एकाच प्रसंगाचे भिन्न पाठ ज्याच्या त्याच्या नावे नोंदविण्याची शिस्त पाळली. आकड्याशेजारीच तो कोणी, केव्हा, किती घरांतून व कोणत्या रीतीने मिळविला हे सांगावयाचे ही आजच्या पोर्टलकडून असलेली अपेक्षा याहून निराळी नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून त्यांतील शेकडा 92 जणींना स्त्रीरोग असल्याचे 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये जगापुढे मांडले, परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी हे ज्ञान जत्रेच्या रूपाने गावोगावच्या स्त्रियांपर्यंत नेले. विद्वत्सभा आणि गाव या दोहोंना त्यांनी हिशेबाचे सारखेच अधिकारी मानले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सामान्य माणूस आकड्यांचा विपर्यास करील, जिल्ह्याचा अंदाज आपल्या गावाचा समजेल. आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर आकडा दडविणे हे नव्हे, तर त्याची मर्यादा त्याच ठिकाणी सोप्या मराठीत लिहिणे हे आहे. ज्याला कळणार नाही म्हणून आपण सांगत नाही, त्याच्याकडून माहिती घेताना मात्र त्याच्या समजशक्तीविषयी आपल्याला कधी शंका आलेली नसते.

तेव्हा अशी पोर्टले रचणाऱ्यांना आणि त्यांना द्रव्य पुरविणाऱ्या संस्थांना माझी विनंती एवढीच आहे: उद्घाटनापूर्वी ते काम तज्ज्ञांच्या समितीपुढे जरूर ठेवा, परंतु ज्या बाईने पहिली नोंद केली तिच्या हातीही ते द्या, आणि आपल्या जिल्ह्याचा आकडा तिला स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या भाषेत, कोणाच्या मदतीवाचून सापडतो की नाही ते पाहा. सापडत नसेल, तर ते पोर्टल कितीही शास्त्रशुद्ध असले तरी अपुरे आहे, आणि तिचे ऋण अद्याप फिटलेले नाही.