पिठाची बाहुली: नासाडी की अर्पण?

अन्नाचा उपयोग खाण्याखेरीज अन्य कामासाठी करावा काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु गेली काही वर्षे नाताळच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील घराघरांतून तो आमच्या कानी येत आहे. गोठ्यातील मेंढरे, मेंढपाळ, योसेफ आणि मरिया यांच्या मूर्ती बाजारातून न आणता मुलांनी घरीच पीठ मळून कराव्यात, त्यांना हळद-बिटाचे रंग द्यावेत आणि नाताळचा कंदील चिकटवण्यासाठी चुलीवर खळ शिजवावी, असा प्रघात धर्मशिक्षणाच्या वर्गांतून पडला. तरुण आयांना तो आवडला. एका आजीबाईंना मात्र तो मुळीच रुचला नाही. "फादर, पावाचा तुकडा भुईवर पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायला आम्हांला आमच्या आईनं शिकवलं. आणि आता वाट्यांनी पीठ मळून त्याची मेंढरं करायची? हे पीठ कुणाच्या तोंडचं?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. जुन्या पिढीचा हट्ट म्हणून तो बाजूस सारणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यात एक खरा नैतिक प्रश्न दिसतो, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ही करणी कशी आहे ते पाहू. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि सुमारे एक वाटी पाणी, एवढ्यावर मूर्तीचा गोळा तयार होतो. पाणी थोडेथोडे घालावे लागते. घाई केली की गोळा हाताला चिकटतो. मिठामुळे बुरशी दूर राहते. जाड मूर्ती कडक उन्हात ठेवली तर वरून सुकते, आतून ओली राहते आणि मग तडकते, म्हणून ती सावकाश वाळवावी लागते. हा गोळा इतका खारट असतो की कुत्र्याच्या पोटात गेल्यास त्याला विषासारखा बाधतो; तेव्हा वाळत घातलेल्या मूर्ती उंचावर ठेवणे बरे. रंगाचे म्हणाल तर कोणत्याही रंगात दोन घटक असतात: एक रंग देणारा आणि दुसरा त्याला धरून ठेवणारा. नुसती हळद पाण्यात कालवून कागदावर लावली तर सुकल्यावर तिची पूड बोटाला लागते. तिच्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी घातले की ती कागदाला धरून राहते. काजळी, कोळसा, गेरू, विटेची वस्त्रगाळ पूड या साऱ्यांची हीच रीत.

ही रीत काही आजची नव्हे. इटलीतील चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास चित्रकलेची एक हस्तपुस्तिका लिहिली. तीत अंड्याच्या बलकात रंग कालवण्याची कृती दिली आहे. तरुण चेहरा रंगवावयाचा असेल तर शहरी कोंबडीच्या अंड्याचा फिकट बलक घ्यावा आणि वृद्ध, रापलेल्या चेहऱ्यासाठी खेड्यातल्या कोंबडीचा गडद बलक घ्यावा, इतका बारकावा त्यात आहे. म्हणजे त्या काळच्या वेदींवरील कित्येक सुंदर चित्रांना कोंबड्यांच्या खुराड्याचा हातभार लागलेला आहे! आपल्याकडे हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळीभोर शाई करीत. बंगालचे थोर चित्रकार जामिनी राय (१८८७–१९७२) यांनी विलायती तैलरंग बाजूला ठेवले आणि चिंचोक्याची खळ, काजळी, रंगीत माती व नीळ यांवर आपली कला उभी केली. ते स्वतः ख्रिस्ती नव्हते; तथापि याच घरगुती रंगांनी त्यांनी प्रभू येशूची कितीतरी चित्रे काढली. रंगाची दाबून पिळण्याची धातूची नळी जॉन गॉफ रँड या चित्रकाराने १८४१ मध्ये पेटंट केली. तत्पूर्वी रंग घोटणे हे चित्रशाळेतले नित्याचे काम होते.

परंतु यामुळे आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे नाही. एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही. चेन्निनीने बलक वापरला तेव्हा त्याच्या दाराशी कोणी उपाशी होते की नाही, हे त्याची पुस्तिका सांगत नाही.

शुभवर्तमानात शोधू जावे तर दोन प्रसंग जणू परस्परांविरुद्ध साक्ष देतात. पाच हजारांचे भोजन झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास लावले. काही वाया जाऊ नये, हाच हेतू (योहान ६). पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजीच्या आपल्या प्रबोधनात, फेकलेले अन्न हे गरिबाच्या पानातून चोरल्यासारखेच आहे, असे बजावले होते. आजीबाईंचा पक्ष येथे बळकट होतो. परंतु त्याच योहानाच्या शुभवर्तमानात, बेथानी येथे मरियेने शेरभर मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा हिशेब मांडणारा यहूदा होता. तीनशे दिनारांचे तेल! मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार, म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई. प्रभूने मात्र मरियेची बाजू घेतली. तुकडे वेचावयास लावणारा आणि तेल ओतू देणारा प्रभू एकच आहे. यावरून एवढे निश्चित होते की नासाडी कशाला म्हणावे हे केवळ मापावर किंवा किमतीवर ठरत नाही.

मग ते कशावर ठरते? याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. आमच्या वसईच्या उत्तरेस डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली समाज राहतो. लग्नघरी कुडाच्या भिंतीला शेणमातीचा लेप देऊन त्यावर गेरू फिरवतात आणि सवासिनी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. रंग म्हणजे तांदळाचे पीठ व पाणी, कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मूळ चौक विकण्यासाठी नव्हता आणि टिकण्यासाठीही नव्हता. लग्न झाले की पावसापाण्याने तो आपोआप पुसट होई. हाच तो प्रदेश, जेथील बालकांच्या कुपोषणाच्या मृत्यूंनी १९९० च्या दशकात सारे राज्य हादरले होते. ज्या घरांनी भूक पाहिली, त्याच घरांत मूठभर तांदूळ दळून भिंतीवर लिहिला जातो, आणि त्याला कोणी नासाडी म्हणत नाही. का म्हणत नाही? कारण तो लिहिणाऱ्या हातांनीच आवण लावलेले असते. चिखलात वाकून ज्याने भात लावले, त्याला त्या मुठीची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. किंमत ठाऊक असून दिलेली वस्तू अर्पण होते. किंमत ठाऊक नसताना उधळलेली वस्तू, ती एक दाणा का असेना, नासाडी होते.

येथे आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद फार उपयोगी वाटतो. कला म्हणजे वस्तू घडवण्याविषयीचा योग्य विवेक आणि शहाणपण म्हणजे आचरणाविषयीचा योग्य विवेक, असे ते म्हणतात. गोळा किती मळावा, मूर्ती कशी वाळवावी, हे कला सांगते. पीठ कोणते घ्यावे, किती घ्यावे, केव्हा थांबावे, हे मात्र शहाणपणाचे काम. उत्तम कारागीर वाईट माणूस असू शकतो. म्हणून मुलाला केवळ कला शिकवून भागत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमावरील आपल्या १९८१ च्या परिपत्रकात हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने मांडली. श्रमाचे मोल प्रथम श्रम करणाऱ्या माणसात असते, नंतर तयार झालेल्या वस्तूत. पिठाचे मेंढरू वाकडे झाले तरी चालेल. ते करताना मूल काय झाले, हे पाहावयाचे आहे.

आणि मुलाचे खरोखर काही होते. विकतच्या पेटीतला पिवळा रंग आज्ञाधारक असतो. तो सदैव पिवळाच राहतो. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते. आपल्या आयाबाया या गुणावरच पूर्वापार कुंकू करीत आल्या. गोकर्णाच्या फुलांचे निळे पाणी लिंबाच्या थेंबाने जांभळे-गुलाबी होते. बिटाचा रंग ओला असताना मोहक दिसतो, सुकल्यावर काळवंडतो, आणि उन्हात ठेवलेली हळद काही दिवसांत विटते. या वस्तूंना स्वतःचा स्वभाव आहे, त्या आपल्या हुकमाच्या चाकर नव्हेत, हे मूल आपल्या बोटांनी शिकते. आपण शून्यातून काही निर्माण करीत नाही, दिलेल्यातून घडवतो. कलावंतांना लिहिलेल्या १९९९ च्या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी निर्माता आणि कारागीर यांत जो फरक सांगितला तो हाच. तो ज्याला कळला, त्याच्या हातून अन्न सहसा उधळले जाणार नाही. तेव्हा आजीबाईंना जी भीती वाटते, तिच्यावर नीट केलेली पिठाची बाहुली हाच कदाचित उपाय ठरेल.

तथापि एक धोक्याचा इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते. घरगुती रंगांचे कौतुक करणे सुस्थितीतल्या माणसाला सोपे असते. ज्याच्या कपाटात रंगांची पेटी आहे, त्याने हौसेने हळद घोटली तर तो छंद. ज्याच्या बापाला पेटी परवडत नाही, त्याला हळद घोटावयास सांगून त्यावर साधेपणाचे प्रवचन करणे हा अन्याय होय. चित्रकलेच्या स्पर्धेत एका मुलापुढे चकचकीत पेटी आणि शेजारच्यापुढे कोळशाचा तुकडा असेल, तर त्या कोळशाचे गोडवे गाणे आपल्याला शोभत नाही. म्हणून आमच्या धर्मग्रामात गोठ्याच्या स्पर्धेसाठी सर्वांनाच घरगुती साहित्याची अट घातली आणि शाळेसाठी ज्यांना रंग हवेत त्यांना ते विकत घेऊन देण्याची वेगळी सोय केली. साधेपणा सर्वांनी मिळून पाळला तरच तो सद्गुण. एकट्या गरिबावर लादला तर तो केवळ तुटवडा.

राहिला पिठाचा प्रश्न. कोणी सुचवले की जाळी धरलेले, खाण्याजोगे न उरलेले पीठ मूर्तींसाठी वापरावे. यावर एका चुणचुणीत मुलाने विचारले, "येशूबाळाला किडकं पीठ कसं द्यायचं, फादर?" प्रश्न बिनतोड होता. परमेश्वराला लंगडी, आंधळी जनावरे अर्पण करणाऱ्यांना मलाखी संदेष्ट्याने झोडपलेच आहे. परंतु येथे संत योहान ख्रिसोस्तम मदतीला येतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचने करताना त्यांनी भाविकांना खडसावले होते: वेदीवर सोन्याचे पेले आणि दाराशी उपाशी ख्रिस्त, याला काय अर्थ? मंदिर सजवू नका असे ते म्हणत नाहीत. आधी भुकेल्याला द्या आणि मग सजवा, असा त्यांचा क्रम आहे. गोठ्यातली मूर्ती ही ख्रिस्ताची प्रतिमा. दाराशी आलेला भुकेला ही त्याची जिवंत प्रतिमा. चांगले पीठ जिवंताला, उरलेले पीठ मूर्तीला. यात येशूबाळाचा अपमान नाही, कारण दोन्हीकडे घेणारा तोच आहे.

त्या मुलाला आम्ही हेच समजावले आणि मुलांनीच त्यातून एक नियम केला: गोळ्यासाठी जेवढ्या वाट्या पीठ घ्यायचे, तेवढ्याच वाट्या चांगले पीठ आधी मंदिरातील गरजूंच्या डब्यात टाकायचे. खळ करताना मैद्याऐवजी भाताची पेज वापरायची. रंगासाठी बीट चिरायचे नाही, त्याच्या साली उकळायच्या. कांद्याच्या सालींचेही तसेच. आता मुले मेंढरे लहान करू लागली आहेत, कारण मेंढरू मोठे केले की डब्यात जास्त पीठ टाकावे लागते. कोणी याला कंजूषपणा म्हणेल. आम्ही याला हिशेब म्हणतो, आणि हा हिशेब यहूदाच्या हिशेबाहून निराळा आहे; कारण येथे हिशेब करणारा स्वतःच्या घरातून देतो.

आता या मूर्ती टिकत नाहीत, अशी तक्रार उरते. पावसाळ्यात वसईची हवा दमट झाली की मीठ ओल ओढून घेते, मेंढरे मऊ पडतात आणि मेंढपाळांचे हात गळतात. दरवर्षी नव्याने मळावे लागते. पण या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेचा स्वतःचा घरगुती रंग कोणता, ते आठवावे. झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या वर्षभर क्रूसामागे खोचलेल्या असतात. राखेच्या बुधवारापूर्वी त्या गोळा करून जाळतात, ती राख चाळतात आणि तिनेच आपल्या कपाळावर क्रूस काढतात. रात्री तोंड धुतले की तो क्रूस पुसला जातो. त्यासाठी अधिक पक्का रंग शोधावा, असे आजवर कोणाला वाटलेले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा झावळ्या आणाव्या लागतात, पुन्हा जाळाव्या लागतात, आणि ते काम आपण दरवर्षी करतो.