काळ्या दगडातला बिबट्या

पुण्याभोवतीच्या फार्महाऊसच्या फाटकांवर हल्ली सिंह बसवायची पद्धत आहे. फायबरचे, नाहीतर सिमेंटचे. आयाळ सोनेरी, जीभ लाल. मुळशीच्या डोंगरांत सिंह कोणी पाहिलेला नाही. पाहिलेला असतो तो बिबट्या, रानडुक्कर, भेकर. त्यांना फाटकावर जागा नाही. इथल्या कासारसाईसारख्या गावात राहून दगडात वन्यप्राणी घडवू पाहणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. गिऱ्हाइकाला प्राणी हवा असतो, पण ओळखीचा नको असतो.

गावाला दगडकामाची गरज नव्हती असं नाही. पाटा-वरवंटा, जातं, उखळ, देवळाची पायरी, देव, हे सगळं पाथरवटानं आणि वडारानंच दिलं. त्यात जनावर यायचं ते देवाचं वाहन म्हणून, किंवा कुणाच्या मरणाचं कारण म्हणून. नंदी, उंदीर, गाभाऱ्यासमोरचं कासव ही पहिली जात. दुसरी वीरगळांवर, म्हणजे झुंजीत मेलेल्यांच्या स्मृतिशिळांवर, दिसते. खालच्या चौकटीत झुंज आणि बहुतेकदा गाई, वर शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्र-सूर्य. काही वीरगळांवर शत्रूच्या जागी वाघ असतो. कर्नाटकात आतकूरला तर इ.स. 949-50 चा एक दगड निघाला, तो चक्क काळी नावाच्या कुत्र्याचा. रानडुकराशी लढताना दोघंही मेले, म्हणून दोघंही कोरले आहेत. त्या दगडाची रोज पूजा व्हावी म्हणून जमीनही लावून दिली होती. म्हणजे जनावराला दगडात जागा देणं आपल्याकडे परकं नाही. फक्त त्यामागे काहीतरी घडलेलं असावं लागत असे. नुसतं सुंदर दिसतं म्हणून कोणी टाकी उचलत नव्हतं. मला ही अट वाईट वाटत नाही.

दुसरी अट दगडाची. आपला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. टणक, घट्ट, आणि बारीक केला की ठिसूळ. हरणाचा पाय सुटा कोरायला घ्या. तीन पाय उभे राहतील, चौथ्याच्या वेळी एखादी न दिसलेली भेग उघडेल आणि महिन्याचं काम अंगणात पडेल. म्हणून आपला नंदी बसलेला असतो. भक्तीचा भाग आहेच, पण बसलेल्या बैलाचे पाय मोडत नाहीत हेही आहे. मावळातल्या बेडशाच्या लेण्यात, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपास, खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल बसवले, तेही अंग आखडून. महाबलीपुरमच्या मोठ्या शिल्पपटावर एक हरीण मागच्या पायानं तोंड खाजवताना दिसतं. सातव्या शतकात ते जमलं, कारण त्या पायाच्या पाठीशी अख्खा कातळ आहे. झिंबाब्वेच्या टेंगेनेंगे गावात 1966 पासून शेतमजुरांनी प्राणी-पक्षी कोरले, पण त्यांच्या हाताला सर्पेंटाइन होता, बेसाल्टहून पुष्कळ मऊ. त्यांची लांब मान, त्यांची वळणं इथे नकलायची म्हटली तर दगडच ऐकणार नाही.

काळ्या पाषाणाला मानवणारी जनावरं म्हणजे दबा धरलेली, अंग चोरलेली, जाड मानेची. रानडुक्कर, गवा, घुबड, कासव. आणि बिबट्या.

बिबट्या घडवताना पहिला प्रश्न ठिपक्यांचा. दगडाला रंग नाही. पण पाथरवटाला ठाऊक असतं की टाकीचा घाव बसला की काळा दगड राखाडी पांढरट दिसतो, आणि घासून घोटला, तेल लावलं की पुन्हा काळा होतो. म्हणजे एकाच दगडात दोन रंग आहेत. अंग टाकीनं टिचून राखाडी ठेवायचं, ठिपके तेवढे घोटायचे. तरी ठिपके ही सोपी बाजू. बिबट्या ओळखू येतो तो चालीवरून: डोकं खाली, आणि पाऊल टाकताना खांद्याची हाडं पाठीच्या रेषेच्या वर निघतात. हे पुस्तकातल्या फोटोत निसटतं. उसाच्या बांधावर गाडीच्या उजेडात तो आडवा गेला की दिसतं. कासारसाई-दारुंब्रे इथे साखर कारखाना आहे, म्हणजे आसपास ऊस आहे. जुन्नर-अकोले भागात ऊस बिबट्याचं घरच झाला आहे, तिथे पकडलेले बिबटे ठेवायला माणिकडोहला एक केंद्र उभारावं लागलं. हा प्राणी बघायला शिल्पकाराला जंगलात जावं लागत नाही. या बाबतीत खेड्यातला माणूस कलाशाळेतल्या मुलाच्या पुढे आहे, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

ओळखीचं जनावर घडवणारे शिल्पकार आपल्याकडे झालेही आहेत. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर मुंबईत आणि लंडनला शिकले, कलकत्त्यात राहिले, पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांनी 1928 मध्ये उभा केला. त्यांच्या सासवण्याच्या घरी गेलेला माणूस मात्र बोलतो तो अंगणातल्या म्हशीबद्दल. ती सिमेंटची आहे. करमरकरांनी सिमेंटला कमी लेखलं नाही, त्यामुळे फाटकावरचा सिंह सिमेंटचा आहे ही माझी तक्रार नाही. तो कोणी पाहिलेला नाही, ही आहे.

मग गिऱ्हाईक कोण? मला वाटतं, फार्महाऊसवाला नव्हे, ग्रामपंचायत. समजा, बिबट्यानं वासरू नेलं, नंतर तो पिंजऱ्यात सापडला, गावानं त्याचे मोबाईलवर फोटो काढले. यात वीरगळाला पुरेल एवढं घडलेलं आहे. वेशीवर एक दगड उभा करायला हरकत नाही. मजुरी मात्र फुटावर नको, दिवसावर द्यावी, कारण खांद्याच्या त्या दोन हाडांना चेहऱ्यापेक्षा जास्त दिवस लागतात. आणि शेपटी मागच्या पायाला चिकटलेलीच कोरावी लागेल. तिथे दगडाशी वाद घालण्यात अर्थ नाही.