वजन सोन्याचे की मातीचे?

जळगावच्या सराफ बाजारात काट्यावर सोन्याची एक चकती ठेवली आहे. व्यास दोन सेंटिमीटर, जाडी एक मिलिमीटर. त्रिज्येचा वर्ग, पाय आणि जाडी यांचा गुणाकार केला की आकारमान येते ०.३१४ घनसेंटिमीटर. चोख सोन्याची घनता १९.३, म्हणजे चकती भरायला हवी सहा ग्रॅमच्या किंचित वर. याच मापाची चांदीची चकती ३.३ ग्रॅम भरेल, तांब्याची २.८. शाळेच्या वहीतले गणित इथे संपते. पण हे सहा ग्रॅम नेमके कोणाचे? जुन्या नैयायिकाचे उत्तर ऐकून सराफाच्या भुवया उंचावतील: सोन्याचे मुळीच नाहीत.

न्याय-वैशेषिक दर्शनात सोने हे तेज, म्हणजे अग्नितत्त्व आहे. लाकडावर जळणारा अग्नी, आकाशातली वीज, पोटातला जठराग्नी आणि खाणीतले सोने, असे तेजाचे चार प्रकार अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त सांगितले आहेत. सोन्याचे अग्नीशी नाते त्याहून कितीतरी जुने. ब्राह्मणग्रंथांनी सोन्याला अग्नीचे रेतच म्हटले होते. नैयायिक मात्र श्रुतीवर थांबले नाहीत, त्यांनी युक्तिवाद मांडला. तूप तापवले की पातळ होते, आणखी तापवले की जळून जाते. सोने कितीही तापवा, त्याचा रस रसच राहतो. पार्थिव वस्तूला हे जमत नाही, म्हणून सोने पृथ्वी नव्हे. यावर प्रतिपक्षी विचारतो, मग त्याचा पिवळेपणा आणि जडपणा कुठून आला? कारण याच दर्शनानुसार गुरुत्व हा गुण फक्त पृथ्वी आणि जल यांचा. तेजाला वजन नसते. त्यालाही उत्तर तयार होते: सोन्यात मिसळलेल्या पार्थिव अंशातून. ज्या जडपणावरून सराफ सोने ओळखतो, तो असा मातीच्या खात्यावर जमा होतो.

उत्तर आज विचित्र वाटते, पण त्यामागची शिस्त विचित्र नाही. वैशेषिक आचार्य प्रशस्तपादाच्या मते गुरुत्व इंद्रियांना दिसत नाही. वस्तू खाली पडते, यावरून त्याचे अनुमान करायचे. काटा तरी दुसरे काय करतो? घनतेवरून सोने ओळखणे हेही अनुमानच, आणि अनुमानाला व्याप्ती लागते: जिथे जिथे १९.३, तिथे तिथे सोने.

टंगस्टन ही व्याप्ती मोडतो. त्याची घनता १९.२५. आपल्या चकतीच्या वजनात त्यामुळे फरक पडतो सुमारे सोळा मिलिग्रॅमचा. जाडी मोजताना केसभर चूक झाली तरी तो त्यात बुडून जातो. उलट बाजूनेही गोंधळ आहेच. बावीस कॅरेटच्या सोन्यात सगळी भेसळ तांब्याची असेल तर घनता १७.६ च्या आसपास, चांदीची असेल तर १८. कस एकच, घनता दोन. न्यायाच्या भाषेत टंगस्टनमुळे घनता हा हेतू सव्यभिचारी, म्हणजे सोने नसतानाही आढळणारा, ठरतो.

खानदेशात सोन्याच्या हिशेबाची आणखी एक परंपरा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख त्याची साक्ष देतो. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त सोन्याचे गणित आहे. तेरा, बारा, अकरा आणि दहा वर्णांचे, म्हणजे कसाचे, सोने अनुक्रमे दहा, चार, दोन आणि चार मासे घेऊन एकत्र आटवले, तर मिश्रणाचा वर्ण किती? गुणाकारांची बेरीज २४०, एकूण मासे २०, उत्तर बारा. तेच शुद्ध करून सोळा मासे उरले, तर वर्ण पंधरा. सोने तेज आहे की पृथ्वी, याची या हिशेबाला गरजच पडत नाही.

निवाडा मात्र अजूनही आगीकडेच जातो. हॉलमार्कसाठी वापरले जाणारे क्ष-किरणांचे यंत्र पृष्ठभागाजवळचा थरच वाचते. खात्रीचा टंच काढायचा तर सोन्याचा तुकडा शिशाबरोबर भट्टीत घालतात. हिणकस धातू जळून मुशीत शोषले जातात, चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि उरते ते सोने तोलतात. आगीत काय टिकते, हीच नैयायिकांचीही कसोटी होती. निष्कर्ष तेवढा त्यांनी वेगळा काढला.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सोने आणि माती यांचा विषय त्या गीतेतही आहे: माती, दगड आणि सोने ज्याला सारखे, तो योगी, असे ती सांगते. काट्यावर ही तिन्ही कधीच सारखी भरत नाहीत, पण गीतेला त्याची अडचण नाही, कारण ती समता पाहणाऱ्याच्या मनात आहे. नैयायिकाचा दावा वस्तूविषयी होता, म्हणून तो पदार्थविज्ञानाच्या तावडीत सापडतो.

तिथला निकाल असा: सोन्याच्या अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान केंद्रकातल्या ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉनमध्ये असते. या कणांच्या आत क्वार्क असतात, पण त्यांचा स्वतःचा वाटा अगदी थोडा. बाकीचे वस्तुमान त्यांच्या हालचालीतून आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या क्षेत्राच्या ऊर्जेतून येते. यावरून नैयायिक बरोबर होते असे म्हणणे ओढूनताणून होईल. त्यांनी तेजाचे वजन काढून मातीला दिले होते. इथे सहा ग्रॅमांचा मोठा हिस्सा ऊर्जेच्या नावावर निघतो आणि मातीलाही स्वतःचे म्हणावे असे फारसे वजन उरत नाही.