उरलेले व्रण

कोपरगावात ‘संजीवनी’ हा शब्द साखर कारखान्याच्या पाटीवरही भेटायचा. त्याचं मूळ मात्र गोदाकाठच्या बेट भागात, शुक्राचार्यांच्या देवळाशी आहे. असुरांनी शुक्राचार्यांचा शिष्य कच याला मारलं, जाळलं, राख मद्यात कालवून त्याच्या गुरूलाच पाजली. कच गुरूचं पोट फाडून बाहेर आला आणि मग शिकलेल्या संजीवनी विद्येनं त्यानं गुरूला उठवलं. त्या पोटावर व्रण राहिला का, हे काही कथा सांगत नाही.

ख्रिस्ती कथा नेमकी तिथेच थबकते. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू शिष्यांपुढे उभा राहतो तेव्हा हातांवर खिळ्यांच्या खुणा असतात आणि थोमाला त्या बोट लावून पाहायच्या असतात. मरण मागे सरलं, जखमा तशाच राहिल्या! त्याच शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. ‘गेल्या जन्मीचं भोगतोय’ हे वाक्य ज्या मुलखात ओठांवरच असतं, तिथे हा नकार लहान नाही.

कोपरगावच्याच नगर जिल्ह्यात राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी दुःखाचं तत्त्वज्ञान मांडलं नाही. 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला आणि भरला संसार तुटला. मुलं दगावल्याचं दुःख त्याआधीचं. पुन्हा एकत्र आल्यावरही राहुरीला त्यांचं सोवळं सुरूच होतं. आधी जातीचा विटाळ मनातून गेला, कुणाच्याही हातचं खायचं ठरलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येतं आणि हसता हसताच लक्षात येतं, की बाई आपलं मरणाएवढं दुःख सांगताहेत. ‘देवानं हे का केलं’ याचं उत्तर देण्याची घाई त्यांना नाही. 1919 साली नवरा गेला, त्याचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं. शाळेत न गेलेल्या या बाईनं पुढचे साठाहून जास्त अध्याय रचले.

अर्थात, ‘आपला क्रूस उचला’ हा उपदेश कुणी कुणाला करायचा, हे पाहायला हवं. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती दलित घरांतले. त्यांच्या खांद्यावर ओझं आधीच होतं आणि ते देवानं दिलेलं नव्हतं. धर्म बदलला म्हणून शिवाशीव सुटली नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं मात्र त्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. या दुःखाला आध्यात्मिक अर्थ चिकटवणं ही पळवाट झाली. व्रण आहे, एवढं तरी आधी कबूल करावं लागतं.

ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चच्या दाराशी विस्तव पेटवतात. मोठी नवी मेणबत्ती त्यावरून उजळायची. त्याआधी धर्मगुरू मेणात क्रूस कोरतात, वर्षाचे आकडे कोरतात आणि धुपाचे पाच खडे एकेक करून रुतवतात, येशूच्या पाच जखमांसाठी: दोन हात, दोन पाय, एक कूस. मग ज्योत लावतात आणि अंधारातून सगळे तिच्या मागे आत जातात.